ओपन सोर्स सर्व्हरची अधिकृत कंटेनर इमेज कशी प्रसिद्ध करायची

दादरच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात आमचा पुस्तक-नोंदणीचा सर्व्हर कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बंद केलेल्या डब्यात, चालतो. रात्री आठला वाचनालय बंद झालं की तिथले काका कंटेनर थांबवतात, मशीन बंद करतात आणि लोकल पकडायला निघतात. एके दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, संध्याकाळी परत घेतलेली शेवटची चार-पाच पुस्तकं सकाळी पुन्हा सभासदाच्याच नावावर दिसतात. रोज होतंय हे." मी दोन दिवस सर्व्हरचा कोड पिंजून काढला. कोडमध्ये काहीच नव्हतं. कंटेनर ज्या तयार साच्यातून सुरू होतो त्याला इमेज म्हणतात. चूक त्या इमेजमधल्या एन्ट्रीपॉइंट स्क्रिप्टच्या, म्हणजे कंटेनर सुरू होताना आधी चालणाऱ्या स्क्रिप्टच्या, शेवटच्या ओळीत होती, आणि ती ओळ मीच घाईत लिहिली होती.

ती इमेज माझ्या वैयक्तिक खात्यावर होती. सोय म्हणून टाकली आणि लोकांनी ती प्रकल्पाचीच समजून वापरायला घेतली. तेव्हा ठरवलं, प्रकल्पाच्या नावाने इमेज काढायची आणि ती नीट काढायची. त्या कामात जे शिकले ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. आदेश आणि फाइलींची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

अधिकृत म्हणजे कोणाची?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला अर्थ म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रकल्पाने स्वतः बांधलेली, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेली इमेज. दुसरा म्हणजे डॉकर हबचा (कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या साधनाचं इमेज ठेवण्याचं सार्वजनिक कोठार) 'ऑफिशियल इमेजेस' हा कार्यक्रम, ज्यात एनजिनेक्स किंवा पोस्टग्रेससारखं नुसतं नाव लिहिलं की इमेज मिळते, पुढे कुठल्या खात्याचं नाव लागत नाही. पहिलं काम तुमच्या हातात आहे. दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि पहिलं व्यवस्थित झाल्याशिवाय त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. म्हणून आधी पहिलं.

जे नंतर बदलता येत नाही, ते आधी ठरवा

बहुतेक जण डॉकरफाइल, म्हणजे इमेज कशी बांधायची ते सांगणारी फाइल, लिहिण्यापासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा की आधी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: इमेजचं नाव, सर्व्हर ज्या युजरखाली चालेल त्याचा क्रमांक, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये राहील, पोर्ट कोणता, आणि सेटिंग्ज कशा दिल्या जातील. इमेजचा आकार, बेस (ज्या तयार इमेजवर आपली उभी राहते ती), बिल्डची म्हणजे बांधणीची पद्धत हे सगळं पुढच्या आवृत्तीत बदलता येतं. या पाच गोष्टी बदलल्या की लोकांच्या चालत्या यंत्रणा मोडतात.

नाव प्रकल्पाच्या संस्थात्मक खात्याखालीच हवं, एका माणसाच्या खात्याखाली नको. त्या खात्याच्या चाव्या किमान दोघांकडे असाव्यात आणि दोघांनीही दुहेरी पडताळणी चालू केलेली असावी.

युजरचा क्रमांक ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कंटेनरच्या आत युजरला नाव असतं, पण डिस्कवरच्या फाइलवर मालक म्हणून फक्त आकडा उमटतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजचंच उदाहरण घ्या. डेबियन आणि अल्पाइन ही लिनक्सची दोन रूपं. डेबियनवर बांधलेल्या इमेजमध्ये पोस्टग्रेस युजरचा क्रमांक ९९९ आहे, अल्पाइनवर बांधलेल्या इमेजमध्ये ७०. कोणी सहज म्हणून एकीवरून दुसरीवर गेलं, तर जुना डेटा परक्या मालकाचा दिसतो. तुमच्या इमेजसाठी एकच आकडा ठरवा, युजर तयार करताना तो उघड लिहा, आणि कितीही प्रकार काढलेत तरी सगळीकडे तोच ठेवा. डॉकरफाइलच्या 'यूजर' ओळीतही नावाऐवजी आकडाच लिहा. कुबरनेटिसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, नको असं बंधन घातलेलं असेल, तर इमेजमधल्या नावावरून तो युजर रूट नाही हे त्याला पडताळता येत नाही आणि कंटेनर सुरूच होत नाही.

डेटाचा फोल्डर एकच ठेवा. आमच्या पहिल्या इमेजमध्ये नोंदी एका ठिकाणी आणि मुखपृष्ठांची चित्रं दुसऱ्या ठिकाणी होती. लोक एकच जोडायचे आणि अपडेटनंतर चित्रं गायब व्हायची. 'व्हॉल्यूम' (कंटेनरबाहेर टिकणारी साठवण) ही ओळ डॉकरफाइलमध्ये टाकण्याआधी विचार करा. ती टाकली की तुमच्या इमेजवर आपली इमेज बांधणाऱ्याला ती काढता येत नाही, आणि फोल्डर जोडायला विसरणाऱ्याच्या मशीनवर निनावी व्हॉल्यूमचा ढीग साचतो. आम्ही ती ओळ टाकलेली नाही. त्याऐवजी फोल्डर जोडलेला नसेल तर सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये स्पष्ट इशारा देतो.

पोर्ट १०२४ च्या वरचा घ्या, म्हणजे रूटची गरज पडत नाही. सेटिंग्ज एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेत असाल तर पासवर्डसाठी दुसरी सोय ठेवा: त्याच नावापुढे 'अंडरस्कोर फाइल' लावलं की मूल्य फाइलमधून वाचलं जाईल. अनेक अधिकृत इमेजमध्ये हाच प्रघात आहे, त्यामुळे चालवणाऱ्यांना तो सवयीचा असतो.

बेस कोणता: एका 'ळ'ची गोष्ट

अल्पाइन की डेबियन-स्लिम हा वाद बहुधा आकारावरून होतो. अल्पाइन खरंच चिमुकली आहे, अवघ्या काही एमबींची. आम्हीही मोहात पडलो. इमेज बांधली, चालवली, सगळं उत्तम. मग वाचनालयातल्या काकांनी लेखक-सूची उघडली आणि म्हणाले, "यात 'ळ' कुठे गेला?" मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. सूचीत मात्र तो 'ल' च्या शेजारी जाऊन बसला होता. युनिकोडमध्ये ही दोन अक्षरं लागोपाठ आहेत, आणि भाषेचे नियम हाताशी नसले की क्रम युनिकोडच्या ओळीने लागतो.

कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. आमचा सर्व्हर क्रमवारीसाठी आयसीयू ही भाषांचे नियम पुरवणारी लायब्ररी वापरतो. २०२२ साली आलेल्या अल्पाइन ३.१६ पासून तिथे आयसीयूचा भाषांचा डेटा वेगळ्या पॅकेजात काढला आहे. मुळात फक्त इंग्रजीचा येतो आणि बाकी भाषांसाठी 'आयसीयू-डेटा-फुल' वेगळं बसवावं लागतं. डेबियनमध्ये तो लायब्ररीसोबतच येतो. शिवाय अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते, तिच्यात स्वतःचे भाषावार क्रमाचे नियम नाहीत. डीएनएसचं, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचं, मोठं उत्तर टीसीपीवरून मागण्याची सोयही मसलमध्ये २०२३ च्या १.२.४ आवृत्तीत आली. आणि टाइमझोनचा डेटा अल्पाइनमध्ये आपसूक येत नाही. एशिया-कोलकाता सेट केलं तरी घड्याळ यूटीसीवरच राहतं. साडेपाच तासांचा फरक म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख.

हे सगळं अल्पाइनवर दुरुस्त करता येतं, आणि गो किंवा रस्टमध्ये लिहिलेल्या, एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या सर्व्हरला अल्पाइन उत्तम आहे. आमच्यासारख्या सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेल्या, मराठी मजकूर हाताळणाऱ्या सर्व्हरला मी डेबियन-स्लिमच सुचवेन. आकार वाढतो हे खरं, पण बेसचे लेयर (इमेज ज्यांनी बनते ते थर) एकदा उतरले की पुन्हा उतरवावे लागत नाहीत. आणि सुरुवातीला एकच प्रकार काढा. दोन काढलेत की प्रत्येक तक्रारीत पहिला प्रश्न "कुठली इमेज?" हाच येतो.

डॉकरफाइल

दोन टप्प्यांत बांधा. पहिल्या टप्प्यात कंपायलर, हेडर फाइली, चाचण्या; दुसऱ्यात कोरी बेस घेऊन फक्त तयार बायनरी आणि लागणाऱ्या लायब्ररी. ही सोय डॉकर १७.०५ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे.

बेसचं नाव नुसतं लिहू नका, त्यापुढे शा-२५६ डायजेस्टही, म्हणजे इमेजच्या आशयावरून निघणारा तिचा ठसा, लिहा. म्हणजे आज आणि महिन्याने बांधलेली इमेज एकाच बेसवर उभी राहील, आणि बेस बदलला तर तो बदल कमिटमध्ये (गिटमधली बदलाची नोंद) दिसेल. डायजेस्ट पुढे सरकवण्याचं काम रिनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट या आपोआप अद्ययावत करणाऱ्या साधनांकडे द्या, नाहीतर ते विसरलं जातं आणि इमेज जुन्या छिद्रांसकट गोठते.

'डॉट डॉकरइग्नोर' फाइल पहिल्याच दिवशी लिहा. ती नसेल आणि 'कॉपी डॉट डॉट' केलंत, तर गिटचा पूर्ण इतिहास आणि तुमच्या लॅपटॉपवरची गुपितांची फाइल इमेजमध्ये जाते. पुढच्या ओळीत ती पुसली तरी उपयोग नाही. प्रत्येक लेयर वेगळा साठवला जातो आणि खालच्या लेयरमधून फाइल कोणीही काढू शकतो. 'आर्ग' मधून (बिल्डला मूल्य देण्याची ओळ) दिलेलं टोकनही 'डॉकर हिस्टरी' मध्ये वाचता येतं. बिल्डच्या वेळी खासगी टोकन लागत असेल तर डॉकरच्या बांधणी-यंत्रणेचं, बिल्डकिटचं, सीक्रेट माउंट वापरा. ते लेयरमध्ये उमटत नाही.

ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने ठरवलेली लेबलं लावा: सोर्सचा पत्ता, आवृत्ती, कमिट, लायसन्स. गिटहबच्या रजिस्ट्रीत (इमेज साठवून वाटण्याची जागा) सोर्सच्या लेबलवरूनच इमेज रेपोशी जोडली जाते. लायसन्सच्या लेबलात मात्र नुसतं तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव पुरत नाही हे लक्षात ठेवा. इमेजमध्ये बेसची शेकडो पॅकेजं आहेत आणि त्यातली बरीच जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहेत. इमेज वाटता म्हणजे तीही वाटता. त्यांच्या कॉपीराइटच्या फाइली आकार कमी करण्याच्या नादात पुसू नका.

थांबायला शिकवा

आता दादरच्या त्या पुस्तकांकडे येते. 'डॉकर स्टॉप' म्हटलं की कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला सिगटर्म हा 'आवरतं घे' सांगणारा सिग्नल जातो. दहा सेकंद वाट पाहिली जाते, मग सिगकिल, म्हणजे सक्तीने मारणं. आमच्या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या ओळीवर सर्व्हरचं नाव सरळ लिहिलेलं होतं. त्यामुळे पहिली प्रोसेस राहिली शेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, आणि सर्व्हर झाला तिचं मूल. शेलने सिगटर्म पुढे दिलाच नाही. सर्व्हर बिचारा काम करत राहिला आणि दहाव्या सेकंदाला मारला गेला. परतीच्या नोंदी तो थोड्या साचवून डिस्कवर लिहायचा. आठ वाजण्याच्या गडबडीत घेतलेली पुस्तकं त्या साचलेल्या नोंदींत अडकलेली असायची.

उपाय एका शब्दाचा आहे. त्या ओळीच्या आधी 'एक्झेक' लिहा. मग शेल स्वतःची जागा सर्व्हरला देतो आणि सिग्नल थेट सर्व्हरला मिळतो. डॉकरफाइलमध्येही एन्ट्रीपॉइंट चौकोनी कंसातल्या यादीच्या रूपातच लिहा.

एवढ्याने संपत नाही. लिनक्समध्ये पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसला खास वागणूक आहे: तिने सिग्नलसाठी स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावला नसेल तर सिगटर्म चक्क दुर्लक्षिला जातो. म्हणून सर्व्हरमध्ये हँडलर आहे ना ते तपासा. तुमचा सर्व्हर वेगळ्या सिग्नलला सावकाश आवरतं घेत असेल तर 'स्टॉपसिग्नल' ओळीत तो लिहा. एनजिनेक्सच्या इमेजमध्ये सिगक्विट आहे, पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये सिगइंट, दोन्ही याच कारणाने. सर्व्हर लहान लहान प्रोसेस सोडत असेल तर टिनीसारखा छोटा इनिट, म्हणजे बाकी प्रोसेस सांभाळणारी पहिली प्रोसेस, पुढे ठेवा, म्हणजे मेलेल्या प्रोसेस साचत नाहीत.

तपासणी सोपी आहे. सर्व्हरवर थोडा भार टाका आणि घड्याळ लावून 'डॉकर स्टॉप' करा. बरोबर दहा सेकंद लागले तर सिग्नल पोचत नाही. बाहेर पडण्याचा कोड १३७ आला तर तो सिगकिलने मेला, कारण १२८ अधिक ९. हवा आहे ० किंवा १४३. ही चाचणी आम्ही आता प्रत्येक बिल्डला चालवतो आणि नापास झाली तर इमेज पुढे जात नाही. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

लॉग फाइलमध्ये न लिहिता स्टँडर्ड आउटपुटला पाठवा. 'हेल्थचेक' ओळ कंपोजवाल्यांना (एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवणाऱ्यांना) उपयोगी पडते, कुबरनेटिस तिच्याकडे पाहत नाही. म्हणून तपासणीसाठीचा पत्ता कागदपत्रांत वेगळा लिहा.

दोन आर्किटेक्चर

एएमडी-६४ (नेहमीच्या पीसीचा प्रोसेसर) आणि आर्म-६४ (रास्पबेरी पायसारख्या छोट्या मशीनचा) ही दोन्ही हवीतच. वाचनालयं, शाळा, छोट्या संस्था जुन्या पीसीऐवजी रास्पबेरी पाय घेतात, आणि चुकीची इमेज मिळाली की पडद्यावर 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढंच दिसतं. डॉकरच्या बिल्डएक्स या बांधणीच्या साधनाला दोन्ही प्लॅटफॉर्म सांगितले की तो एका नावाखाली दोन इमेज आणि त्यांची अनुक्रमणिका तयार करतो. उतरवणाऱ्याला आपोआप योग्य ती मिळते. क्यूएमयूच्या नकली आर्मवर सी-प्लस-प्लस कंपाइल करणं मात्र फार संथ असतं. त्यापेक्षा खऱ्या आर्म रनरवर (आपोआप बांधणी करणारं मशीन) बांधून शेवटी अनुक्रमणिका जोडा. आणि आर्मची इमेज खऱ्या आर्मवर एकदा तरी चालवून पाहा. क्लाउडच्या मुंबई विभागात आर्म मशीन तासावर भाड्याने मिळतं, तेवढं पुरतं.

टॅग म्हणजे दिलेला शब्द

समजा आवृत्ती २.४.१ आली. तिला चार टॅग, म्हणजे नावापुढे लावायच्या चिठ्ठ्या, लागतात: २.४.१, २.४, २ आणि लेटेस्ट. यातला सापळा पुढच्या महिन्यात उघडतो. जुन्या शाखेवर सुरक्षेसाठी २.३.९ काढावी लागते, आणि स्क्रिप्ट भाबडी असेल तर ती लेटेस्ट मागे खेचून २.३.९ वर नेते. लेटेस्ट फक्त सर्वांत वरच्या स्थिर आवृत्तीनेच हलवायचा, बीटाने कधीच नाही, हा नियम पाइपलाइनमध्ये, म्हणजे आपोआप बांधून प्रसिद्ध करणाऱ्या साखळीत, कोडून ठेवा.

डेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या कागदपत्रांत उदाहरण म्हणून लेटेस्ट लिहू नका. लोक उदाहरण जसंच्या तसं उचलतात. मग एके सकाळी आवृत्ती ३ उतरते, डेटाबेसची रचना बदलते आणि मागे फिरायची वाट राहत नाही. आमच्या सगळ्या उदाहरणांत मुख्य आवृत्तीचा टॅग असतो.

प्रकाशन: लॅपटॉपवरून नको

इमेज कधीही स्वतःच्या लॅपटॉपवरून ढकलू नका. गिटवर आवृत्तीचा टॅग पडला की पाइपलाइन चालावी: बांधणी, सुरू-बंद चाचणी, ट्रिव्ही किंवा ग्राइपने सुरक्षेच्या छिद्रांची तपासणी, आणि मगच रजिस्ट्रीत. पाइपलाइनमध्ये इतरांच्या ॲक्शन (तयार पायऱ्या) वापरत असाल तर त्या टॅगने नव्हे, पूर्ण कमिट क्रमांकाने बांधून घ्या.

बिल्डकिटला सांगून घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, इमेजसोबत जोडा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लायब्ररीतलं लॉग-फोर-शेल हे छिद्र उघड झालं, तेव्हा "आपल्याकडे ही लायब्ररी आहे का?" एवढ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जगभरच्या लोकांचे दिवस गेले. यादी असती तर ते मिनिटांचं काम होतं. बिल्डचा पुरावाही, म्हणजे इमेज कशातून आणि कशी बांधली याची नोंद, जोडता येतो. त्यातला सविस्तर प्रकार बिल्ड आर्ग्युमेंटची मूल्यं उघड करतो, म्हणून गुपित 'आर्ग' मधून न देण्याचं आणखी एक कारण. हे जोडल्यावर रजिस्ट्रीच्या यादीत 'अननोन' नावाचा एक प्लॅटफॉर्म दिसू लागतो. लोक घाबरून विचारतात. तो हाच पुरावा असतो.

सही सिगस्टोर प्रकल्पाच्या कोसाइन या साधनाने करा, आणि टॅगवर नव्हे, डायजेस्टवर. टॅग उद्या दुसरीकडे वळू शकतो. चावी न सांभाळता सही करण्याची सिगस्टोरची पद्धत छोट्या प्रकल्पांना फार सोयीची आहे: पाइपलाइनच्या ओळखीवर अल्पजीवी प्रमाणपत्र मिळतं आणि सहीची नोंद सार्वजनिक वहीत राहते. पडताळणीचा पूर्ण आदेश, ओळखीसकट, कागदपत्रांत द्या.

कुठे ठेवायची

दोन रजिस्ट्री ठेवा. मार्च २०२३ मध्ये डॉकरने संस्थांची मोफत टीम खाती बंद करण्याचं जाहीर केलं होतं आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला. तेवढ्या दिवसांत किती प्रकल्पांची तारांबळ उडाली ते आठवतं. आम्ही डॉकर हब आणि गिटहबची रजिस्ट्री, दोन्हीकडे एकाच डायजेस्टची इमेज ठेवतो.

डॉकर हबवर खात्याशिवाय उतरवणाऱ्यांना एका आयपीमागे सहा तासांत १०० ची मर्यादा आहे. घरी बसून ती जाणवत नाही. विद्याविहारला एका कॉलेजच्या लॅबमध्ये कार्यशाळा घेतली तेव्हा जाणवली. ४० मशीन, कंपोज फाइलमध्ये तीन इमेज: सर्व्हर, पोस्टग्रेस, एनजिनेक्स. म्हणजे १२०, आणि सगळ्यांचा आयपी एकच. शेवटच्या रांगेतली मुलं अडकली. मुंबईतले अनेक इंटरनेटवालेही बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात, त्यामुळे शेजाऱ्याने वापरलेला कोटाही तुमच्या वाट्याला येऊ शकतो. कागदपत्रांत दुसऱ्या रजिस्ट्रीचा पत्ता ठळक द्या, आणि 'डॉकर सेव्ह' करून पेनड्राइव्हवरून 'डॉकर लोड' करण्याची कृतीही लिहा. त्या दिवशी आम्ही तेच केलं. ओपन सोर्स प्रकल्पांसाठी डॉकरचा प्रायोजित कार्यक्रमही आहे; त्यात निवड झाली की तुमच्या इमेजवरची ही मर्यादा उठते.

डॉकर हबच्या अधिकृत यादीत जायचं असेल तर

इथे तुम्ही इमेज ढकलत नाही. 'ऑफिशियल-इमेजेस' नावाच्या गिटहब रेपोत 'लायब्ररी' फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर-फाइल घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, करायची असते. तीत सांभाळणाऱ्यांची नावं, गिट रेपो, नेमका कमिट, टॅग आणि आर्किटेक्चर एवढंच असतं. बांधणी त्यांच्या यंत्रांवर होते, आणि बेस बदलली की इमेजही तेच पुन्हा बांधतात. कागदपत्रांची पुल रिक्वेस्ट वेगळ्या रेपोत. माणसं डॉकरफाइल ओळीओळीने वाचतात: उतरवलेल्या प्रत्येक फाइलची सही किंवा चेकसम तपासता का, बिल्ड पुन्हा तसाच होतो का, इमेजच्या नावापुढे 'बॅश' लिहिलं तर बॅश सुरू होतं का. वेळ लागतो. सॉफ्टवेअर किती वापरात आहे हेही पाहिलं जातं. नकार आला तरी त्यांच्या सूचना लागू करा, त्या जवळजवळ नेहमी रास्त असतात.

प्रसिद्ध झाल्यावर

तुमच्या कोडमध्ये बदल नसला तरी आठवड्यातून एकदा बेसचं डायजेस्ट पुढे सरकवून इमेज पुन्हा बांधा, म्हणजे बेसमधल्या ओपनएसएसएलसारख्या पॅकेजच्या दुरुस्त्या लोकांपर्यंत पोचतील. कुठली मुख्य आवृत्ती कधीपर्यंत सांभाळणार, त्याची तारीख इमेजच्या पानावर लिहा.

जुनी, वैयक्तिक खात्यावरची इमेज पुसू नका. ती कुठे कुठे चालते आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि पुसली की त्या यंत्रणा पुढच्या रीस्टार्टला उभ्याच राहणार नाहीत. आम्ही तिची एक शेवटची आवृत्ती काढली. ती पहिल्यासारखीच चालते, फक्त सुरू होताना लॉगच्या पहिल्या ओळीत नवा पत्ता आणि स्थलांतराची कृती मराठीत आणि इंग्रजीत सांगते. कृती तीन टप्प्यांची आहे: कंटेनर थांबवा, डेटाच्या फोल्डरचा मालक नव्या युजर-क्रमांकावर करा, कंपोज फाइलमध्ये नाव बदला. दादरला मी स्वतः जाऊन ती केली. काकांनी रात्री आठला कंटेनर थांबवला, दुसऱ्या सेकंदाला तो थांबला, आणि त्यांनी विचारलं, "एवढ्यात झालं?"